अर्धे गुण कष्टाला

"या वर्षी भिंत आपलीच," असं चष्मेवाल्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं. गिऱ्हाईक बिचारं समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत बसलेलं असायचं, खालची ओळ दिसत नाही म्हणून आधीच ओशाळलेलं. कुठली भिंत, कशाची भिंत, त्याला काही पत्ता नसायचा. पण नाकावर भिंगांचा जड सांगाडा चढवलेला माणूस सहसा वाद घालत नाही, त्यामुळे सगळे "हो हो" म्हणायचे आणि चष्मेवाल्यांना वाटायचं की लोकमत आपल्या बाजूने आहे.

भिंत होती वाचनालयाच्या सभागृहातली. आकाशमंडळ दरवर्षी फोटोंची स्पर्धा घेई. तारे, ग्रह, तेजोमेघ, ज्याला जे गवसेल ते. पहिला आलेला फोटो चांगला दरवाजाएवढा मोठा करून त्या भिंतीवर वर्षभर लावत आणि खाली नाव लिहीत. कित्येक वर्षं ते नाव चष्मेवाल्यांचंच होतं. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ते वाचनालयात जाऊन फोटोसमोरच्या खुर्चीत पेपर उघडून बसत. पेपर वाचत नसत. येणारेजाणारे फोटोकडे बघतात की नाही ते बघत.

आणि मागच्या वर्षी भिंत गेली. नेली कोणी, तर दातांच्या डॉक्टरांनी. चष्म्याच्या दुकानापासून चार दुकानं सोडून त्यांचा दवाखाना होता. माणूस मंडळात नवा, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे दुर्बीणच नव्हती. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा वाळवंटातल्या डोंगरावर एक भलीमोठी दुर्बीण आहे, ती तासावर भाड्याने मिळते आणि कॉम्प्युटरवरून चालवता येते. आपल्याकडे भर दुपार असली की तिकडे रात्र. डॉक्टरांनी दवाखान्यातच, एका बाईंच्या दातात भरलेलं सिमेंट सुकेपर्यंत, एका दीर्घिकेचा फोटो काढला. तो फोटो इतका देखणा होता की चष्मेवाले तो पाहिल्यावर तीन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

मग मंडळाच्या सभेत त्यांनी तोंड उघडलं.

"उद्या कोणी टॅक्सीत बसून पळण्याची शर्यत जिंकेल," ते म्हणाले. "त्यालाही बक्षीस द्या."

डॉक्टर मऊ स्वभावाचे. ते उभे राहिले आणि फार आदराने म्हणाले, "काका, राग मानू नका. पण दुर्बिणीला तुम्ही तरी हात कुठे लावता? तिला मोटर फिरवते. दुर्बीण गच्चीवर, तुम्ही खाली स्वयंपाकघरात कॉम्प्युटरपुढे. मधे वायर. तुमची वायर दोन मजल्यांची आहे, माझी जरा लांब आहे, इतकंच. आता किती लांबीपर्यंत वायर प्रामाणिक असते, ते मंडळाने ठरवावं."

प्रश्न खरोखरच अवघड होता. कोणी म्हणालं, वायर एका इमारतीच्या आत असावी. कोणी म्हणालं, इमारत चालेल पण वायर स्पर्धकाच्या मालकीची हवी. बँकेतले कॅशियर म्हणाले की त्यांची दुर्बीण बिनवायरची आहे, तर ते प्रामाणिक धरायचे की अप्रामाणिक.

"प्रश्न वायरचा नाहीच," चष्मेवाले कडाडले. "प्रश्न कष्टांचा आहे. थंडीत कुडकुडलं पाहिजे, डास चावले पाहिजेत, मान धरली पाहिजे. ज्या फोटोमागे माणसाला यातना नाहीत तो फोटो नव्हे, ते नुसतं छापील चित्र."

हे बोलताना त्यांचा आवाज भरून आला. आपण इतकं सुंदर बोलू, असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं. सभागृहात टाळ्या पडल्या. मंडळाच्या अध्यक्षबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. जगातला कुठलाही तंटा गुणांची विभागणी केली की मिटतो यावर त्यांची श्रद्धा होती.

"मग कष्टांनाही गुण देऊ," बाई म्हणाल्या. "अर्धे गुण फोटोला, अर्धे कष्टाला. प्रत्येकाने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, फोटो निघत असताना आपल्याला काय काय सोसावं लागलं."

ठराव एकमताने पास झाला. भाड्याच्या दुर्बिणीवर वेगळी बंदी घालायची गरजच उरली नाही. खुर्चीत बसून फोटो काढणाऱ्याला कष्टाचे गुण मिळणार कुठून?

चष्मेवाल्यांना वाटलं होतं की डॉक्टर आता फुरंगटून मंडळ सोडतील. झालं भलतंच. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात आले आणि त्यांनी चष्मेवाल्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"काका, तुमचं बोलणं काळजाला लागलं माझ्या. मी दुर्बीण मागवली. स्वतःची."

त्यानंतर डॉक्टरांनी गच्ची सोडली म्हणून नाही. रोज सकाळी तांबारलेले डोळे घेऊन ते दवाखान्याआधी दुकानात येत आणि काल काय दिसलं ते सांगत. काल ढग होते, पण ढगांच्या फटीतून एक तारा दिसला. काल पायावर दुर्बिणीचं वजन पडलं. काल ते उभ्याउभ्याच झोपले आणि भिंतीवर आपटले. हे सगळं ते एखादी बढती मिळाल्यासारखं सांगत. चष्मेवाले "वा, वा" म्हणत आणि मनातून जळत, कारण त्यांची स्वतःची गच्ची तोवर कामातून गेली होती.

समोरच्या इमारतीत व्यायामशाळा उघडली होती. तिची पाटी रात्रभर जांभळ्या उजेडात न्हाऊन निघे, आणि तिच्याबरोबर चष्मेवाल्यांची गच्चीसुद्धा. त्यांनी गुरूचा फोटो काढला, जांभळा आला. शनीचा काढला, जांभळा आला. मालकाला जाऊन सांगितलं, तर दंडावर टॅटू असलेल्या त्या गृहस्थाने त्यांच्याकडे आपादमस्तक बघून महिन्याच्या फीमध्ये सवलत देऊ केली.

या वर्षी त्यांना हवा होता मृग नक्षत्रातला तेजोमेघ, घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा. गिऱ्हाइकांना तसं सांगूनही झालं होतं. जांभळ्या उजेडात घोडं काही दिसेना.

तेव्हा त्यांच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला. विचार अर्थात अभ्यासाचा होता. शत्रूचं हत्यार एकदा हाताळून तरी बघावं, त्याशिवाय त्याला विरोध तरी कसा करणार? निव्वळ तत्त्वासाठी त्यांनी वाळवंटातल्या त्या दुर्बिणीचं एक सत्र भाड्याने घेतलं. पहिल्या सत्रात तिकडे वारा सुटला. दुसऱ्यात तिकडेही ढग आले. तत्त्व चांगलंच महाग पडायला लागलं, पण अभ्यास अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

घरी मात्र वेगळीच काळजी सुरू झाली. ते रात्री झोपायला लागले होते.

"अहो, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" बायकोने विचारलं.

"बरं आहे की."

"मग झोपताय का असे? लग्न झाल्यापासून आभाळ मोकळं असताना तुम्ही कधी पलंगावर दिसला नाहीत. मी पंखा माझ्या हिशेबाने लावायची, आता तोही तुमच्या हिशेबाने लावावा लागतो. जाऊन एकदा दाखवून या कोणाला तरी."

दाखवायची वेळ आली ती दुसऱ्याच कारणाने. खालची उजवी दाढ अचानक अशी ठणकायला लागली की चष्मेवाल्यांना डाव्या बाजूचंही ऐकू येईना. एका रात्रीत गाल टम्म फुगला. बायकोने परस्पर डॉक्टरांना फोन करून वेळ ठरवून टाकली. "तुमच्या मंडळातलेच आहेत, लगेच या म्हणाले." दुपारची वेळ होती. नेमकं त्याच दुपारी चष्मेवाल्यांचं दुर्बिणीचं शेवटचं सत्र होतं, आणि तिकडचं आभाळ म्हणे आरशासारखं स्वच्छ होतं. सत्र पुढे ढकलता येत नव्हतं. दाढही पुढे ढकलण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

त्यांनी सगळ्या सूचना आधीच फोनवरून देऊन ठेवल्या, म्हणजे दुर्बीण आपलं आपण काम करील, आणि फोन शर्टाच्या खिशात टाकून ते दवाखान्याच्या खुर्चीत जाऊन आडवे झाले. एक गोष्ट राहिली. दुकानाच्या गडबडीत सत्र चुकू नये म्हणून त्यांनी फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता, तो कमी करायचा.

डॉक्टर आले. रात्रभर गच्चीवर होते, चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी एक्स-रे काढून दाढ बघितली, "काढावीच लागेल" म्हणाले, भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडात कापसाचे बोळे कोंबले, लाळ ओढणारी नळी लटकवली आणि बोलायला सुरुवात केली.

"काका, काल अखेर घोडं दिसलं मला. पुसट आहे, पण माझं आहे. रडूच आलं. म्हटलं, ही सगळी काकांची कृपा. तुम्ही नसतात तर मी आयुष्यभर या खुर्चीशेजारी बसून खोटे फोटो काढत राहिलो असतो."

"आं," चष्मेवाले म्हणाले. दुसरं काही म्हणण्याजोगं तोंड राहिलं नव्हतं.

आणि त्यांच्या खिशातून एक बाई स्वच्छ आवाजात बोलली की तुमची दुर्बीण तयार आहे, चित्रण सुरू होत आहे.

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी छताकडे पाहिलं. ही बाई डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची होती, मागचं सबंध वर्ष त्यांनी तिच्याच संगतीत काढलं होतं.

"पहिलं चित्र पूर्ण झालं," खिसा म्हणाला.

डॉक्टरांनी वाकून त्यांच्या खिशातला फोन काढला. पडद्यावर काळ्याशार ढगाचं घोडं मान ताठ करून उभं होतं, मागे लाल उजेड पसरलेला, अयाळीचा केस अन् केस मोजून घ्यावा असं. डॉक्टर किती तरी वेळ बघतच राहिले. चष्मेवाल्यांना सगळं सांगायचं होतं. व्यायामशाळा, जांभळा शनी, अभ्यास, तत्त्व. जिभेचा दगड झाला होता. "आं आं आं," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"घोडं जरा उजवीकडे गेलंय," डॉक्टर अखेर हलक्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी हातमोजा काढला आणि एका बोटाने दुर्बीण पृथ्वीच्या त्या टोकाला थोडीशी उजवीकडे सरकवली. न राहवूनच केलं असणार त्यांनी ते. घोडं बरोबर मधोमध आलं. फोन त्यांनी पकडींच्या ट्रेमध्ये ठेवला, नवा हातमोजा चढवला आणि एक अक्षर न बोलता दाढ काढायला घेतली.

दाढ निघताना खुर्ची हलली. ट्रेमधली बाई मधूनमधून "पुढचं चित्र पूर्ण" म्हणत होती. हे सगळं संपेपर्यंत सत्रही संपलं. चष्मेवाले कापूस चावत घरी गेले, वाटेत कोणाकडे वर मान करून न बघता.

दोन दिवसांनी फुगलेला गाल उतरला. ठणका मात्र गेला नाही. उलट वाढला. दाढ तर निघाली होती, मग हे काय दुखतंय? चष्मेवाल्यांनी खूप विचार केला आणि त्यांना उत्तर सापडलं. हे मन होतं. आपलं मन आपल्याला खात होतं. ज्या माणसाला आपण प्रामाणिकपणाची दीक्षा दिली, त्याच्याच खुर्चीत आपण रंगेहाथ सापडलो, त्याची ही टोचणी. आणि खरं सांगायचं, तर त्यांना त्या टोचणीचा थोडा अभिमानही वाटला. इतकं हळवं मन आजकाल कितीजणांना असतं? लोक काय काय करून घोरत पडतात.

"परत जाऊन दाखवा," बायको म्हणाली.

"याला डॉक्टरकडे औषध नाही," चष्मेवाले खोल आवाजात म्हणाले.

"डॉक्टरांचा फोन येऊन गेला आज. तुम्ही उचलत नाही म्हणून मला केला. एकदा भेटा म्हणाले, खरं काय ते बोलून टाकायचंय. कसलं हो खरं?"

चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. दवाखान्यावरून जायला नको म्हणून ते दुकानाला मागच्या गल्लीने वळसा घालून जाऊ लागले. एकदा समोरून डॉक्टर येताना दिसले, तर ते एका झबल्याटोपड्यांच्या दुकानात शिरले आणि बाहेर पडायला काही मार्ग उरला नाही म्हणून एक टोपडं घेऊन आले. घरात मूल नव्हतं. बायकोने टोपड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि टोपडं कपाटात ठेवून दिलं.

इतकं असूनही, फोटो पाठवायच्या शेवटच्या दिवशी एकीकडे जांभळा डाग आणि दुसरीकडे घोडं असं समोर आलं, तेव्हा त्यांनी घोडं पाठवलं. मन खात होतं, पण ती भिंत, त्या भिंतीसमोरची ती खुर्ची, आणि सांगून ठेवलेली ती सगळी गिऱ्हाइकं. लोकांना तोंड काय दाखवायचं?

निकालाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. कष्टाचे गुण कसे मिळतात ते बघायला फोटोत रस नसलेली माणसंही आली होती. कॅशियरांनी पोटरी उघडी करून डासांचे चावे दाखवले. एका बाईंच्या मागे कुत्रं लागलं होतं, त्यांनी ते पळूनही दाखवलं. गुण पडत होते.

मग डॉक्टर उभे राहिले. त्यांचं घोडं पडद्यावर आलं. खरंच पुसट होतं, माहीत नसणाऱ्याला बोका वाटला असता.

"बोला, काय सोसलंत?" अध्यक्षबाईंनी पेन सरसावलं.

डॉक्टरांनी एकदा आपल्या घोड्याकडे पाहिलं. "काही नाही, बाई. सोसलं म्हणावं असं काही नाही. फार आनंद झाला मला. रोज व्हायचा."

सभागृहात चुळबुळ झाली. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, आणखी काही आठवतंय का म्हणून विचारलं, आणि नाइलाजाने शून्य लिहिलं.

ते शून्य चष्मेवाल्यांना सहन झालं नाही. जबडा असा ठणकला की ते उभेच राहिले. आता सगळं सांगून टाकायचं. भिंत गेली तर जाऊ दे. त्यांचं घोडं पडद्यावर आल्याबरोबर सभागृहाने श्वास रोखला. ते गालाला हात लावून पुढे आले.

"मी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. तोंड पुरतं उघडत नव्हतं. "हा फोटो निघत होता तेव्हा मी उभासुद्धा नव्हतो. आडवा पडलो होतो. हलायची सोय नव्हती."

"थंडीने?" बाईंनी विचारलं.

"थंडी नव्हती. जीभ बधिर झाली होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता. डोळ्यांतून पाणी. रक्त येत होतं."

"रक्त?" कॅशियरांनी पोटरी झाकून घेतली.

"हे कोणी पाहिलं आहे?" बाईंनी विचारलं. मुख्याध्यापिका अखेर मुख्याध्यापिकाच.

मागच्या रांगेतून डॉक्टर उठले. चष्मेवाल्यांना वाटलं, झालं, आता सगळं बाहेर पडणार.

"मी पाहिलंय," डॉक्टर म्हणाले. "मी शेवटपर्यंत त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांना फार वेदना झाल्या. अजून होत असतील."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. बाईंनी डोळे पुसले आणि पैकीच्या पैकी गुण लिहिले.

"पण ती दुर्बीण..." चष्मेवाले म्हणाले. टाळ्यांत कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, तर जबड्यातून अशी कळ आली की त्यांनी ते मिटून घेतलं. मग ते मिटलेलंच बरं दिसतं, असं त्यांना वाटलं.

गर्दी पांगल्यावर डॉक्टरांनी त्यांना भिंतीपाशी गाठलं. आता पळायला दुकानही नव्हतं.

"काका, तुम्ही फोन उचलत नाही. मला खरं काय ते सांगायचंय."

"मला ठाऊक आहे डॉक्टर," चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही एवढे मोठ्या मनाने उभे राहिलात, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तुम्ही काही बोलू नका. माझं मनच मला खातंय. त्या दिवसापासून, इथे, जबड्यात, रात्रंदिवस."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"ते मन नाही, काका. दाढ आहे."

"दाढ तर तुम्ही काढलीत."

"शेजारची काढली. चांगली होती ती. रात्रभर जागा होतो, त्यात तुमच्या फोनवरचं ते घोडं बघितलं आणि माझं चित्तच उडालं. तुम्ही गेल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून सांगायला तुमच्या मागे फिरतोय, तुम्ही तोंड चुकवताय. म्हटलं, आता हे मला कोर्टात खेचणार. आज साक्ष द्यायला उठलो तोही घाबरतच."

चष्मेवाल्यांनी जिभेने हळूच चाचपून पाहिलं. ठणका बरोबर तिथेच होता, दाढेच्या मुळाशी. दाढेत होता आणि फक्त दाढेतच होता. आणखी आत, छातीत, पोटात, कुठे तरी थोडंसं काही टोचतंय का, ते त्यांनी उभ्याउभ्या नीट शोधलं. काही सापडेना. सगळीकडे अगदी स्वस्थ वाटत होतं.

"उद्या सकाळीच येतो," ते म्हणाले. "फक्त एवढं करा, डॉक्टर. आज रात्री गच्चीवर जाऊ नका."